मीठपाण्याची वाफ बाबांना लागू पडते का, हे तपासायचं कसं

दर्यापूरकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगतो. बाबा ५६ वर्षांचे, दोनदा टीबी होऊन गेला, दोन्ही वेळा गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला. आता टीबी नाही म्हणतात पण रोज सकाळी अर्धी वाटी बेडका पडतो, सीटी स्कॅनमध्ये ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनळ्या कायमच्या सैल आणि रुंद होणं) आलाय, कफाच्या कल्चरमध्ये, म्हणजे कफातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, सुडोमोनास नावाचा जंतू निघाला आणि वर्षातून दोन-तीनदा ताप येऊन अँटिबायोटिक घ्यावं लागतं. डॉक्टरांनी नेब्युलायझरने, म्हणजे औषधाचा बारीक फवारा करणाऱ्या मशीनने, ३ टक्के मीठपाणी घ्यायला सांगितलंय. भाऊ म्हणतो विलायतेत त्याची ट्रायल, म्हणजे पेशंटवर घेतलेली चाचणी, फेल गेली, कशाला पैसे घालवता. शेजारचे म्हणतात घरीच मीठ उकळा, नाहीतरी आपल्या विहिरीचं पाणी खारंच आहे. तर ताई विचारतात की घ्यायचं का, घरी करायचं का, फरक पडतोय हे कळणार कसं, आणि मशीन कोणती घेऊ.

ताई, मी छातीरोगाचा डॉक्टर, वर्धा-यवतमाळ भागात बरीच वर्षं काम करतोय आणि टीबी बरा झाल्यावर फुफ्फुस असं खराब राहिलेले पेशंट आमच्या ओपीडीत रोजच असतात, त्यामुळे जरा लांबवर लिहितो, वैतागू नका. आधी उत्तर सांगून टाकतो. घेऊन बघायला हरकत नाही, पण सुडोमोनास मारायचं औषध म्हणून घेऊ नका कारण ते जंतू मारत नाही, ते कफ पातळ करून बाहेर काढायला मदत करतं एवढंच. आणि जगभरातल्या ट्रायलांचा निकाल इतका काठावरचा आहे की तुमच्या बाबांना त्याचा उपयोग होईल की नाही हे कोणीच आधी सांगू शकत नाही, मी पण नाही. म्हणून तीन महिने नीट मोजमाप ठेवून घ्यायचं, उपयोग दिसला तर चालू ठेवायचं, नाही दिसला तर मशीन बंद करायची आणि वाईट वाटून घ्यायचं नाही.

आता हे असं का म्हणतो ते सांगतो. टीबीने श्वासनळ्यांच्या भिंती खाल्ल्या की त्या नळ्या सैल आणि रुंद होतात, आतले बारीक केस जे कफ वर ढकलत असतात ते झडून जातात, मग कफ तिथंच साचतो, साचला की जंतू मुक्काम ठोकतात. जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी येतात आणि तिथंच मरतात, त्यांच्या आतलं डीएनए कफात मिसळून कफ अजून चिकट होतो, मग तो अजूनच निघत नाही. हे चक्र वर्षानुवर्षं चालू राहतं. अँटिबायोटिकने जंतू कमी होतात पण साचलेला कफ तिथंच असला तर काही दिवसांनी परत तेच. मीठपाण्याचं काम या चक्रात एकाच ठिकाणी आहे, कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की कसं पाणी सुटतं तसं नळीच्या आतल्या थरावर खारट थेंब पडले की पेशींतून पाणी बाहेर ओढलं जातं, कफाचा थर ओला होतो, त्याची चिकटी थोडी सुटते आणि खोकल्याची उबळ येते. ती उबळ पण कामाचीच.

टक्क्यांचं गणित एकदा डोक्यात बसवून घ्या म्हणजे पुढचं कळेल. सलाईनची जी साधी बाटली असते ती ०.९ टक्के, म्हणजे आपल्या रक्ताइतकी खारट. समुद्राचं पाणी साधारण साडेतीन टक्के. तुमच्या डॉक्टरांनी दिलेलं ३ टक्के म्हणजे समुद्रापेक्षा जरासं कमी. ट्रायलांमध्ये जे वापरतात ते बहुतेक ६ किंवा ७ टक्के, म्हणजे रक्ताच्या सात-आठ पट खारट आणि घशाला चांगलंच झोंबणारं.

ही सगळी गोष्ट सुरू झाली ती दुसऱ्याच आजारात, सिस्टिक फायब्रोसिसमध्ये. तो जन्मजात आजार आहे, गोऱ्या लोकांत जास्त, त्यात कफ मुळातच घट्ट बनतो. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे आजारी पोट्टे समुद्रात लाटांवर खेळायला जातात त्यांची छाती जरा मोकळी राहते, आणि त्यावरून खारट फवाऱ्याचा विचार पुढं सरकला. गंमत म्हणजे १९९६ साली अमेरिकेतल्या आयोवाच्या संशोधकांनी नेमकं उलटं मांडलं होतं की श्वासनळीतल्या पातळ थरात मीठ जास्त झालं तर शरीराची स्वतःची जंतू मारायची ताकदच कमी पडते. म्हणजे मीठ घालावं की काढावं यावरच वाद होता, आणि असा वाद पेशंटवर नीट तपासल्याशिवाय मिटत नाही. मग २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १६४ पेशंटवर ट्रायल झाली, अर्ध्यांना ७ टक्क्यांचं ४ मिली दिवसातून दोनदा, अर्ध्यांना साधं ०.९ टक्के, असं ४८ आठवडे. चवीवरून ओळखू येऊ नये म्हणून दोन्हीत कडू क्विनाईन मिसळलं होतं, हुशारीचं काम. निकाल असा की फुफ्फुसाची ताकद वर्षभरात कोणत्या वेगाने बदलते, हा जो त्यांचा मुख्य प्रश्न होता त्यात फरक आला नाही. पण एका जोरदार फुंकीत निघणारी हवा सरासरी ६८ मिलीने जास्त राहिली, जी फारच थोडी वाढ आहे, आणि मोठे बिघाड, म्हणजे छाती अचानक जास्त खराब होऊन औषध घ्यावं लागण्याचे प्रसंग, मात्र ५६ टक्क्यांनी कमी झाले, हे थोडं नाही. आणि जंतूंचं? मीठ घेतल्याने जंतुसंसर्ग वाढला नाही, म्हणजे आयोवावाली भीती खरी ठरली नाही, पण जंतू साफ झाले असंही नाही. फायदा झाला तो जंतू आत असताना झाला. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मला ही ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते.

इथं एक सावधगिरीची गोष्ट सांगतो कारण लोक पटकन म्हणतात की त्या आजारात चाललं ना, मग आपल्यातही चालेल, कफ तो कफच. नाही चालत असं. त्याच सिस्टिक फायब्रोसिसमध्ये डॉर्नेज नावाचं महागडं औषध वाफेने देतात, ते कफातलं डीएनए कापून कफ पातळ करतं आणि तिथं ते चांगलं चालतं. मग साध्या ब्रॉन्किएक्टेसिसच्या ३४९ मोठ्या माणसांवर तपासलं, १९९८ मध्ये छापून आलं, तर बिघाड वाढले आणि फुफ्फुसाची ताकद जास्त वेगाने घसरली. कागदावर बघितलं तर मीठापेक्षा ते औषध जास्त पटण्यासारखं होतं. म्हणून कोणी फक्त कफ पातळ होतो एवढ्यावर काही विकत असेल तर मी लगेच हात पुढं करत नाही.

आता आपल्या आजारातल्या, म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस नसलेल्या ब्रॉन्किएक्टेसिसमधल्या ट्रायला. २०११ मध्ये ब्रिटनमधून २८ पेशंटची आली, प्रत्येकाने तीन महिने ७ टक्के आणि तीन महिने साधं ०.९ टक्के असं आळीपाळीने घेतलं, त्यात ७ टक्केवालं बरं ठरलं, बिघाड कमी, श्वास बरा. लगेच २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातून ४० पेशंटची आली, ६ टक्के विरुद्ध ०.९ टक्के, पूर्ण वर्षभर, आणि त्यात दोन गटांत काही फरकच नाही. मजा अशी की दोन्ही गट आधीपेक्षा बरे झाले होते! आता याचा अर्थ काय लावायचा? एक अर्थ असा की ६ टक्के मीठ कुचकामी. दुसरा असा की ०.९ टक्केवालं पाणी पण बिनकामाचं नाही, तेही नळी ओली करतं, म्हणजे ज्याला खोटं औषध म्हणून ठेवलं तेच थोडं खरं निघालं. आणि तिसरा, जो लोकांना आवडत नाही, तो असा की ट्रायलमध्ये आलेला माणूस रोज दोनदा बसून कफ काढतो, फोन येतात, तपासण्या होतात, गोळ्या वेळेवर जातात, आणि तो आलेलाच असतो तब्येत जास्त बिघडलेली असताना, म्हणून पुढचं वर्ष तसंही जरा बरंच जातं. मीठ असो नसो.

तुमच्या भावाने वाचली ती बहुतेक २०२५ सालची ब्रिटनची ट्रायल, क्लियर नावाची. वारंवार बिघाड होणारे २८८ पेशंट, ५२ आठवडे, ६ टक्के मीठपाणी आणि कार्बोसिस्टीन नावाचं कफ पातळ करायचं औषध, ही दोन्ही वेगवेगळी आणि एकत्र तपासली, आणि इथं खोटं पाणी ठेवलंच नाही, ज्यांना मीठ नाही त्यांना फक्त नेहमीचा उपचार. म्हणजे ०.९ टक्केवाली भानगड मिटली. वर्षभरात मीठवाल्यांना सरासरी ०.७६ बिघाड, बिनमीठवाल्यांना ०.९८. बघायला फरक आहे पण एवढा फरक नुसत्या नशिबानेही येऊ शकतो म्हणून तो सिद्ध झाला असं धरता येत नाही, आणि जगण्याच्या दर्जाच्या प्रश्नावलीतही फारसा फरक आला नाही. त्रासही जास्त झाला नाही, हे पण लिहून ठेवा. आणि एक गोष्ट बघा, वारंवार बिघाड होणारे म्हणून निवडलेले लोक, तरी दोन्हीकडे सरासरी एकाहून कमी. वर तिसरा अर्थ सांगितला तो हाच.

तर भाऊ चूक नाही, पण फेल गेली म्हणजे कोणालाच उपयोग नाही असं ती ट्रायल म्हणत नाही. ती म्हणते की सगळ्यांना सरसकट द्यायला आधार नाही. सरासरीच्या पोटात काही लोक असतात ज्यांना खरंच मोकळं वाटतं आणि काही ज्यांना नुसता खोकला लागतो. शिवाय आपले पेशंट आणि तिथले पेशंट वेगळे आहेत. भारतातल्या ३१ केंद्रांवरच्या २१९५ ब्रॉन्किएक्टेसिस पेशंटची नोंद २०१९ मध्ये छापून आली, त्यात ३५.५ टक्के लोकांत कारण टीबी निघालं, सगळ्यात मोठं कारण तेच, आणि सुडोमोनास १३.७ टक्क्यांत. युरोपात टीबीचा वाटा एवढा नाही. टीबीनंतरची फुफ्फुसं वरच्या भागात आकसलेली असतात, कधी पोकळ्या असतात, त्यात मीठपाणी किती पोचेल आणि काय करेल हे तिथल्या आकड्यांवरून काढता येत नाही. कोणी छातीठोकपणे हो किंवा नाही म्हणत असेल तर जरा सांभाळून.

म्हणून बाबांवरच तपासायचं. पण त्याच्या आधी चार गोष्टी उरकायच्या आहेत, आणि यात घाई नको.

पहिली म्हणजे टीबी परत आला नाही ना, याची खात्री. कफ सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीचा जंतू शोधायच्या तपासणीला द्या, सरकारी दवाखान्यात फुकट होतं. पण टीबी होऊन गेलेल्या माणसात या तपासण्या मेलेल्या जुन्या जंतूंवरूनही कधी पॉझिटिव्ह येतात, म्हणून डॉक्टर कल्चर पण मागतील, ते लागतंच. हे का आधी, तर खारट वाफ हाच टीबीचा कफ काढायचा एक मार्ग आहे, ज्यांना कफ पडत नाही त्यांना तपासणीसाठी मुद्दाम ही वाफ देतात. म्हणजे आत टीबी असेल आणि बाबा घरात बसून मशीन लावत असतील तर नातवंडांच्या खोलीत जंतू उडवल्यासारखं होईल. टीबी नाही असं पक्कं झाल्यावरही वाफ घ्यायची ती ओसरीत किंवा अंगणात, बाकीच्यांनी जरा लांब. कल्चरमध्ये टीबीचे चुलत जंतू, ज्यांना एनटीएम म्हणतात, ते पण बघायला सांगा, कारण पुढं कोणी आठवड्यातून तीनदा अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू करणार असेल तर ते आधी माहीत असलंच पाहिजे, एकट्या अझिथ्रोमायसिनने ते जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

दुसरी, सुडोमोनास किती वेळा निघाला ते कागद काढून बघा. पहिल्यांदाच निघाला असेल तर तो निपटून काढायचा प्रयत्न अँटिबायोटिकने करतात आणि ती संधी मीठपाण्याच्या नादात घालवू नका. वर्षभरात तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा किंवा जास्त निघाला असेल तर तो मुरलेला, मग रोज कफ काढणं हाच पाया, गरज पडली तर वाफेने द्यायची अँटिबायोटिक्स पण असतात, टोब्रामायसिन, कोलिस्टिन, पण तो विषय वेगळा आणि महाग.

तिसरी, रक्त. टीबीनंतर बेडक्यात रक्त पडणं आपल्याकडं फार दिसतं. गेल्या काही आठवड्यांत लालसर बेडका पडला असेल तर सुरूच करू नका, सुरू केल्यावर पडला तर त्या दिवशीच थांबवा आणि दाखवा. चूळभर रक्त आलं तर वाट बघायची नाही, गाडी काढायची आणि सरळ मोठा दवाखाना.

आणि चौथी, पहिला डोस घरी नाही. काही लोकांच्या नळ्या खारट थेंबाने आवळतात, दमेकऱ्यासारखी शिट्टी वाजते. म्हणून पहिला डोस दवाखान्यात, आधी फुंकायची तपासणी, मग नळ्या मोकळ्या करणारा साल्ब्युटामॉलचा पंप, पंधरा मिनिटं थांबून मीठपाणी, मग परत फुंकायचं. फुंकीत निघणारी हवा १५ टक्क्यांहून जास्त घटली किंवा छाती गच्च झाली तर हा उपाय बाबांसाठी नाही. तालुक्याला स्पायरोमीटर नसेल तर निदान छोटं पीक फ्लो मीटर आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर तरी असावं. ही पायरी बरेच जण गाळतात. चिठ्ठीवर औषध लिहून दिलं, पेशंट घरी गेला, पहिल्याच रात्री दम लागला, घाबरून मशीन माळ्यावर टाकली. तुम्ही सरळ विचारा की साहेब पहिला डोस तुमच्यासमोर घेऊ का.

आता तपासायची पद्धत. एक वही घ्या, दोनशे पानी नको, साधी. चार आठवडे मीठपाणी सुरू न करता फक्त लिहायचं आणि त्या चार आठवड्यांत कफ काढायचा व्यायाम मात्र रोज करायचा, फिजिओथेरपिस्टकडून शिकून. हे फार महत्त्वाचं आहे कारण व्यायाम आणि मीठ एकदमच सुरू केलं तर श्रेय कोणाला द्यायचं हे कधीच कळणार नाही, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त फरक तर नुसत्या व्यायामानेच पडतो. हळू श्वास, मग खोल श्वास, मग तोंड उघडं ठेवून काचेवर वाफ सोडावी तसा जोराचा हाsss, खोकण्याआधी. पंधरा-वीस मिनिटं, सकाळी उपाशी पोटी आणि संध्याकाळी जेवणाआधी. चार आठवड्यांनंतर बाकी काहीही न बदलता, गोळ्या त्याच, पंप तोच, मीठपाणी सुरू. असे तीन महिने.

वहीत काय लिहायचं? सगळं लिहायला गेलात तर आठव्या दिवशी वही बंद पडेल, म्हणून थोडंच. दिवसभराचा बेडका झाकणाच्या, आकडे असलेल्या डबीत, मिलीमध्ये, आणि रंग पांढरा, पिवळा की हिरवा. रात्री खोकल्याने उठले का. आणि आठवड्यातून एकदा ठरलेल्या वाटेवर, समजा घरापासून हनुमानाच्या मंदिरापर्यंत, सहा मिनिटांत किती चालले ते पावलांत. बस. पण बेडक्याच्या आकड्यात एक फसगत आहे ती समजून घ्या, सुरुवातीला मीठपाण्याने बेडका वाढतो, घाबरू नका, साचलेला निघतोय. नंतर तो कमी होऊन पांढरट झाला तर चांगलं. तीन महिने तेवढाच हिरवा राहिला आणि चालणंही तेवढंच, तर मीठाने काही केलं नाही असं समजा.

बिघाड मोजून निकाल लावू नका. वर्षातून दोन-तीन बिघाड होणाऱ्या माणसाला तीन महिन्यांत एखादाही नाही झाला तर ते मीठामुळे की तसंच, हे सांगता येत नाही, आकडाच लहान आहे. २८८ लोकांना वर्षभर बघूनही जिथं पक्कं कळलं नाही तिथं एका माणसात तीन महिन्यांत काय कळणार. नोंद ठेवा, पण त्यावरून उड्या मारू नका.

आणि ऋतू! आपल्याकडं हे सगळ्यात मोठं फसवणूक करणारं आहे. उन्हाळ्यात मे महिन्यात सुरू केलं आणि पावसाळा लागला की वातावरण बदललं म्हणून बरं किंवा वाईट वाटतं. कापूस वेचणी, मग जिनिंगची धूळ, सोयाबीन-तुरीचं कुटार, थंडीत शेकोटी, या दिवसांत प्रत्येक छातीचा पेशंट बिघडतोच. दसऱ्याला मीठपाणी सुरू केलं आणि पौषात तब्येत ढासळली तर मीठाला दोष, आणि माघात सुरू करून चैत्रात बरं वाटलं तर मीठाला हार, दोन्ही चुकीचं. जमलं तर पावसाळ्याच्या मधोमध सुरू करून वेचणी जोरात यायच्या आत संपेल असं बसवा, आणि बाबा जिनिंगमध्ये किंवा मळणीवर जात असतील तर त्या तीन महिन्यांत नको. तीन महिन्यांनी फायदा वाटला तर मी अजून एक करायला सांगतो, चार आठवडे मुद्दाम बंद करा, डॉक्टरांना विचारून. परत बेडका घट्ट झाला, चालणं कमी झालं, आणि सुरू केल्यावर सुधारलं, तर मग खरं. लोक हे करायला तयार नसतात, चाललंय ते कशाला मोडायचं म्हणतात, पण रोज अर्धा-पाऊण तास आणि दर महिन्याचा खर्च वर्षानुवर्षं करायचा असेल तर एवढं तपासणं वाजवीच आहे.

रोजचा क्रम असा. आधी साल्ब्युटामॉलचा पंप, पंधरा मिनिटांनी मीठपाण्याचं ४ मिली, ताठ बसून, तोंडात धरायच्या नळीने, मास्क शक्यतो नको, मास्कने अर्धं नाकातच अडकतं. दहा-पंधरा मिनिटं लागतात. मग कफ काढायचा व्यायाम. वाफेने द्यायचं अँटिबायोटिक चालू असेल तर ते सगळ्यात शेवटी, कफ निघून गेल्यावर. घसा झोंबला तर आधी सोसवतंय का ते बघा, ३ टक्क्याने सहसा फार त्रास होत नाही. ३ वरून ७ वर जायचं का, ते पहिल्या वहीचा निकाल आल्यावर डॉक्टरांशी बोलून, मधेच नाही.

आता घरी मीठ उकळायचं. नको, ताई. अजिबात नको. एक तर चमच्याने मोजलेलं मीठ तीन टक्के होतंय की दहा हे कळत नाही, आणि दुसरं, उकळलेलं पाणी भांड्यात ओतेपर्यंत, बाटलीत भरेपर्यंत परत जंतू येतात, आणि सुडोमोनासला ओलावा म्हणजे माहेर, हा जंतू नळाच्या तोटीत, मोरीत, बादलीच्या तळाशी सगळीकडं असतो. ज्या जंतूने बाबा आजारी त्याचीच नवी तुकडी आपण मशीनने थेट फुफ्फुसात सोडायची का? आणि खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी तर मशीनच्या आसपासही नको. पूर्णेच्या खोऱ्यातलं ते खारं पाणी नुसतं मीठाचं नाही, त्यात बाकी बरेच क्षार असतात, आणि ते निर्जंतुक तर नाहीच नाही. औषधाच्या दुकानात मीठपाण्याच्या छोट्या सीलबंद कुप्या मिळतात, एक फोडायची, एकदा वापरायची, उरलेलं फेकायचं. १०० मिलीची ३ टक्क्यांची सलाईन बाटली स्वस्त पडते म्हणून काही जण सुई टोचून आठवडाभर त्यातूनच काढतात, ते पण करू नका, एकदा उघडली की ती निर्जंतुक राहत नाही.

मशीनची वाटी आणि नळी प्रत्येक वेळी वापरून झाली की साबणाच्या पाण्याने धुवायची, मग उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, आणि मग, हे लोक विसरतात, स्वच्छ कापडावर पूर्ण कोरडी करायची. ओली वाटी डब्यात बंद करून ठेवली तर उकळलेलं फुकट गेलं. उकळून चालणारे भाग कोणते ते मशीनच्या कागदावर असतं, हवेची लांब नळी उकळायची नाही. मीठ वाळून भोकं बुजतात, म्हणून नंतर धुतो असं म्हणून ठेवू नका. बेडक्याच्या डबीत फिनेल घालून ठेवा आणि संडासात टाका, उकिरड्यावर नाही.

बाबांना बीपी असेल तर मीठाची काळजी वाटेल, वाटायलाच पाहिजे, पण हिशोब करून बघा. ३ टक्क्यांच्या ४ मिलीत ०.१२ ग्रॅम मीठ, ७ टक्क्यांच्यात ०.२८ ग्रॅम, आणि त्यातलंही बरंचसं मशीनमध्येच राहतं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं असं म्हणतात आणि आपल्या ताटातल्या ठेच्यात, लोणच्यात, पापडात किती जातं ते तुम्हालाच माहीत. बीपी कमी करायचा तर ताट बघा.

मीठाच्या खोल्या, मीठाचे दिवे, लोणारच्या सरोवराकाठी बसून श्वास घेणे, हे सगळं लोक विचारतात. लोणारला जा, बघायला छानच आहे, पण उपचार म्हणून पैसे घालवू नका. गरम पाण्याची वाफ आणि मशीनची फवारणी पण वेगळी, भांड्यातून वर येते ती नुसती पाण्याची वाफ, त्यात मीठ टाकलं तरी मीठ तळाशीच राहतं.

मशीनचं विचारलं होतं. कॉम्प्रेसरवाली साधी मशीन टिकाऊ, दुरुस्त होते, आवाज मोठा, आणि वीज लागते. तुमच्याकडं संध्याकाळचं लोडशेडिंग असेल तर तिला घरचा इन्व्हर्टर ओढतो का ते घेण्याआधी दुकानदाराकडून लावून बघा. जाळीवाली छोटी मशीन बॅटरीवर चालते, आवाज नाही, प्रवासात नेता येते, पण महाग, आणि मीठाने जाळी चोंदते, रोज नीट धुतली नाही तर काही महिन्यांत फवारा मंद होतो, आणि नवी जाळी तालुक्याला मिळत नाही, अमरावती किंवा नागपूरहून आणावी लागते. मी तुमच्या जागी असतो तर आधी तीन महिन्यांसाठी कॉम्प्रेसरवाली कोणाकडून तरी मागून आणली असती, बऱ्याच घरांत पोरांच्या सर्दीसाठी घेतलेली पडून असते, फक्त वाटी आणि तोंडाची नळी नवी घ्या. वहीचा निकाल चांगला आला की मग विकत घ्यायचं बघा.